समुद्र किती, किनारा किती?

युद्धनौकेच्या यंत्रकक्षात काम करणाऱ्या नौसैनिकाची नोकरी आलटून पालटून समुद्रावर आणि किनाऱ्यावर होते. मनुष्यबळ अपुरे पडू लागले की कात्री लागते ती किनाऱ्याच्या वाट्याला. किनारा म्हणजे विश्रांती, अशी समजूत असल्यामुळे या कात्रीचे कोणाला फारसे काही वाटत नाही. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पुणे हे लष्कराचे शहर म्हणून ओळखले जाते. दक्षिण मुख्यालय, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय ही नावे पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यातली. नौदल म्हटले की मात्र पुणेकराची नजर घाट उतरून मुंबईकडे जाते. वस्तुतः भारतीय नौदलाचा एक महत्त्वाचा आधार पुणे जिल्ह्यातच आहे. लोणावळ्याहून भुशी धरणापुढे अ‍ॅम्बी व्हॅलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेल्या या संस्थेत युद्धनौकांची इंजिने चालवणारे आणि दुरुस्त करणारे नौसैनिक व अधिकारी शिकून तयार होतात. १३ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या संस्थेला राष्ट्रपतींचे मानाचे निशाण प्रदान करण्यात आले. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, लाटांचा आवाजही पोहोचत नाही अशा ठिकाणी नौदलाची यंत्रविद्या शिकवली जाते, यात वरवर विसंगती वाटेल. परंतु आजच्या विषयाचे सूत्र याच विसंगतीत आहे. समुद्रावरचे यंत्र नीट चालावे, यासाठीचे बरेचसे काम किनाऱ्यावर होत असते.

यंत्रकक्षातील माणूस

नौदलाच्या यंत्रशाखेत परंपरेने दोन वाटांनी माणसे आली. विज्ञान शाखेतून बारावी होऊन, दीर्घ तांत्रिक प्रशिक्षण घेऊन आलेले आर्टिफिसर ही एक वाट, आणि थेट भरतीतून आलेले मेकॅनिक ही दुसरी. अग्निपथ योजनेपूर्वी आर्टिफिसरची पहिली करारमुदत २० वर्षांची, तर थेट भरतीच्या नौसैनिकांची १५ वर्षांची असे. ओडिशातील चिल्का येथे प्राथमिक प्रशिक्षण, लोणावळ्यात यंत्रविद्या आणि मग नौकेवर नेमणूक असा त्यांचा प्रवास. पुढे कोणाला कोठे पाठवायचे याचा हिशेब मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये ठेवला जातो.

नौकेवरील त्याचे काम इतर शाखांहून वेगळ्या जातीचे असते. तोफखान्याचा वा रडारचा माणूस बंदरात थोडा तरी मोकळा होतो. यंत्रकक्षाला बंदरातही मोकळीक नसते, कारण प्रवासात हाती घेता न आलेली कामे बंदरात शिरल्यावरच सुरू होतात. पंप उघडायचे, झडपा बसवायच्या, गाळण्या साफ करायच्या, वंगण तेल तपासायचे आणि पुढच्या प्रस्थानाच्या आत सारे पुन्हा जोडून चालू करून दाखवायचे. समुद्रावर माणसे पुरेशी असतील तर चार तासांची पाळी आणि आठ तासांची उसंत मिळते. कमी असतील तर सहा तास काम आणि सहा तास उसंत. त्या उसंतीतच जेवण, झोप आणि मोडलेल्या यंत्राची दुरुस्ती. वाफेच्या नौकेवरील बॉयलरच्या कक्षात तापमान पन्नास अंशांच्या आसपास जाते. आवाज इतका की कानाला संरक्षण नसेल तर काही वर्षांत श्रवणशक्तीवर परिणाम झाल्यावाचून राहात नाही.

या कामातले कौशल्य पुस्तकात पूर्णपणे सापडत नाही. बेअरिंगच्या आवाजात पडलेला किंचित फरक, नळीला हात लावताच जाणवणारी वेगळी थरथर, तेलाच्या रंगावरून आलेली शंका हे सारे समुद्रावर घालवलेल्या महिन्यांतून येते. म्हणूनच बढतीच्या वेळी समुद्रसेवा पाहिली जाते आणि ते योग्यही आहे. समुद्र हीच खरी शाळा, हे यंत्रशाखेतील कोणीही मान्य करील. मात्र त्या शाळेतला विद्यार्थी सलग किती वर्षे तेथे टिकू शकतो आणि तेथे काय शिकता येत नाही, हेही विचारायला हवे.

किनारा म्हणजे सुट्टी नव्हे

समुद्रावर जे शिकता येत नाही त्याची यादी लहान नाही. चालत्या नौकेवर मुख्य इंजिन पूर्ण उकलून पाहता येत नाही. गॅस टर्बाइनची समूळ दुरुस्ती विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस एक्सिला’सारख्या केंद्रात होते. मोठ्या डागडुजीसाठी नौका मुंबईच्या गोदीत येते. यंत्र आतून कसे झिजते, कोणता भाग आधी दगा देतो, चुकीच्या जोडणीचा परिणाम दोन वर्षांनी कसा दिसतो हे ज्याने गोदीत पाहिले, तोच पुढच्या खेपेस समुद्रावर आजार वेळीच ओळखतो. लोणावळ्यात शिकवणारा प्रशिक्षकही समुद्रावरून ताजा आलेला असेल तरच त्याच्या शिकवण्याला अर्थ असतो. गोदी, प्रशिक्षण संस्था आणि कार्यशाळा या तिन्ही ठिकाणी समुद्र पाहिलेला माणूस हवा, आणि समुद्रावर या तिन्ही ठिकाणांतून गेलेला माणूस हवा. या फेऱ्यातून यंत्रशाखेचे ज्ञान फिरत राहते. फेरा थांबला की ज्ञानही साचते.

भारतीय नौदलाच्या बाबतीत ही गरज अधिकच आहे, कारण आपल्या ताफ्यातील यंत्रे एका जातीची नाहीत. ‘आयएनएस विक्रमादित्य’ आठ बॉयलर आणि वाफेच्या टर्बाइनांवर चालते. २०२२ मध्ये दाखल झालेल्या स्वदेशी ‘आयएनएस विक्रांत’वर अमेरिकी रचनेची चार गॅस टर्बाइने आहेत. कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवरील टर्बाइने युक्रेनमधील कारखान्याच्या रचनेची आहेत, आणि २०२२ पासून तेथे युद्ध सुरू झाल्यामुळे सुट्या भागांचा प्रश्न किती नाजूक आहे हे निराळे सांगायला नको. शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर टर्बाइन आणि डिझेल दोन्ही आहेत. वाफेवर दहा वर्षे काढलेल्या तंत्रज्ञाला टर्बाइनच्या नौकेवर पाठवायचे तर त्याला मधल्या काळात किनाऱ्यावर शिकायला वेळ द्यावा लागतो. तो न देता पाठवले तर कागदावर जागा भरते आणि यंत्रकक्षात नवशिका उभा राहतो.

किनाऱ्याला जोडलेला आणखी एक हिशेब घरचा आहे. मुलांची दहावी-बारावी, वृद्ध आईवडिलांचे आजारपण, पत्नीची नोकरी या गोष्टी नौकेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाहीत. मुंबईतील जागेची टंचाई आणि पुण्यातील शाळा-महाविद्यालये यांमुळे कुटुंब पुण्यात आणि नौका मुंबईत अशी विभागणी काही घरांत होते. द्रुतगती महामार्गाने हे अंतर तीन-चार तासांवर आणले खरे. पण नौका अदनच्या आखातात असेल तेव्हा महामार्ग काय कामाचा? आठवीत असलेल्या मुलाचा बाप किनाऱ्यावर परततो तेव्हा मुलगा महाविद्यालयात गेलेला असतो. करारमुदत संपली की अनुभवी तंत्रज्ञ पुढची मुदत घेत नाही, त्यामागे पगारापेक्षा हे कारण पुष्कळदा मोठे असते. आणि बाहेर त्याला मागणी आहे. व्यापारी जहाजे, वीजनिर्मिती केंद्रे, कारखाने असा माणूस आनंदाने घेतात.

टंचाईचे गणित

हा प्रश्न सहानुभूतीपेक्षा गणिताने अधिक स्पष्ट होतो. समजा, एखाद्या शाखेत नौकांवर ६० आणि किनाऱ्यावर ४० जागा आहेत आणि माणसेही १०० आहेत. तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन वर्षे समुद्र आणि दोन वर्षे किनारा येईल. आता माणसे दहा टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे ९० उरली. नौकेवरील जागा रिकामी ठेवता येत नाही, कारण नौका निघायला हवी. मग रिकाम्या राहतात त्या किनाऱ्यावरच्या जागा. प्रमाण ६० आणि ३० असे होते. दोन वर्षांच्या किनाऱ्यासाठी आता चार वर्षे समुद्रावर काढावी लागतात. माणसे वीस टक्क्यांनी कमी झाली तर प्रमाण ६० आणि २० होते, आणि तीन वर्षांची समुद्रसेवा सहा वर्षांवर जाते. तूट वीस टक्क्यांची, भार मात्र दुप्पट.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण त्यामागचा नियम कोणत्याही नौदलाला चुकत नाही. ज्या शाखेत किनाऱ्यावरच्या जागा मुळातच कमी, तिला टंचाईचा फटका सर्वाधिक बसतो. लेखनिक किंवा भांडार शाखेच्या माणसाला किनाऱ्यावर शेकडो कार्यालये आहेत. यंत्रशाखेच्या माणसाला गोदी, कार्यशाळा आणि प्रशिक्षण संस्था एवढेच क्षेत्र. त्यातही गोदीतील बराच भार मुलकी कामगार उचलतात. २०२१ ते २०२३ या काळात सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरांतून नौदलात दहा हजारांहून अधिक नौसैनिकांची उणीव असल्याचे समोर आले होते. त्याच काळात काम मात्र वाढत होते. २०१७ पासून नौदलाने हिंद महासागराच्या मोक्याच्या भागांत नौका सातत्याने तैनात ठेवण्याचे धोरण स्वीकारले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा दहाहून अधिक युद्धनौका त्या टापूत पाठवण्यात आल्या. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला आग लागली, तेव्हा ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या दहा जणांच्या पथकाने त्यावर चढून ती विझवण्यास मदत केली. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ जहाजावरील ३५ चाच्यांना शरण आणले. या कामगिरीचे कौतुक झाले आणि ते यथार्थ होते. परंतु नौका मायदेशापासून हजारो मैलांवर महिनोन्‌महिने चालत राहते ती तळमजल्यावरील यंत्रकक्षाच्या जोरावर, आणि तेथील माणूस कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. आग विझवण्याची आणि नौका तरती ठेवण्याची विद्याही लोणावळ्यातच शिकवली जाते, आणि ती शिकवायला किनाऱ्यावर अनुभवी माणसे लागतात.

इतरांनी काय केले?

ब्रिटिश नौदलाने या प्रश्नाचा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडला आहे. तेथे मोजमाप नेमणुकीच्या नावाचे नाही, तर घरापासून दूर घालवलेल्या दिवसांचे होते. तीन वर्षांत ६६० दिवसांपेक्षा अधिक काळ कोणालाही घराबाहेर ठेवू नये, असा दंडक आहे. ही मर्यादा काही फार उदार नाही. तीन वर्षांपैकी साठ टक्के दिवस होतात. पण त्यामागील तत्त्व मोलाचे आहे. नौका गोदीत दुरुस्तीला असेल तर तिच्यावरील माणूस कागदोपत्री समुद्रावर असतो, आणि किनाऱ्यावरील नेमणूक हजार किलोमीटर दूर असेल तर तो कागदोपत्री सुखात असतो. नेमणुकीचे नाव पाहून या दोन्ही गोष्टी कळत नाहीत. दिवस मोजले तर कळतात.

अमेरिकेने धडा घेतला तो मोठी किंमत मोजून. २०१७ च्या जून आणि ऑगस्ट महिन्यांत ‘फिट्झगेराल्ड’ आणि ‘जॉन एस. मॅक्केन’ या दोन विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या आणि १७ नौसैनिकांचा बळी गेला. चौकशीत प्रशिक्षणातील उणिवांबरोबरच थकव्याचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने काही नौसैनिक आठवड्याला शंभराहून अधिक तास काम करत असल्याचे नोंदवले होते. पुढे २०२१ च्या अखेरीस, समुद्रावरच अधिक जागा असलेल्या काही शाखांसाठी तेथे नवी पद्धत आणली गेली. पहिली चार वर्षे समुद्रावर काढल्यावर जो आणखी तीन वर्षे तेथेच राहण्यास तयार होईल, त्याला जादा मोबदला आणि त्यानंतर किनारा. सक्तीऐवजी सौदा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

व्यापारी जहाजांवरील इंजिनीअरांचे उदाहरण तर पुण्याच्या दारातलेच. तळेगावजवळ इंदुरी आणि लोणी काळभोर येथील संस्थांतून शिकलेली मुले जगभरच्या जहाजांवर काम करतात. त्यांच्यासाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे; भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असे बंधन त्यात आहे. युद्धनौकांना हा करार लागू नाही, आणि युद्धाच्या प्रसंगी तो लागू असणे शक्यही नाही. पण शांततेच्या काळात तेवढी विश्रांती देणे अशक्य ठरावे, असे त्यात काहीच नाही.

चार वर्षांचा अग्निवीर

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या गणितात नवी राशी आणली. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम करणे, असे योजनेचे मूळ स्वरूप होते. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी, ज्यात महिलाही होत्या, २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्यातून बाहेर पडली. ही तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झाली होती, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात.

वरवर पाहता ही योजना समुद्र-किनाऱ्याचा प्रश्न सोडवते असे वाटेल. अग्निवीर प्रशिक्षण संपवून नौकेवर जाईल आणि मुदत संपताच घरी जाईल. त्याला किनाऱ्यावर नेमणूक देण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे कायम नौसैनिकांच्या वाट्याला किनारा अधिक येईल. संख्येच्या हिशेबात हे बरोबर आहे. कौशल्याच्या हिशेबात मात्र नाही. चार वर्षांतून प्रशिक्षणाचे महिने वजा केले तर यंत्रकक्षातील हात जेमतेम तयार होतो, तोच त्याच्या जाण्याची वेळ येते. गोदीत उघडलेले इंजिन त्याने पाहिलेले नसते. मग दर वर्षी नव्याने येणाऱ्या मुलांना समुद्रावरच शिकवण्याचा भार ज्येष्ठ तंत्रज्ञावर पडतो. पाळीही त्याची, दुरुस्तीही त्याची आणि शिकवणीही त्याची. अननुभवी माणसे जितकी अधिक, तितकी त्या ज्येष्ठाला नौकेवरून सोडणे अवघड. म्हणजे संख्येच्या वहीत वाचलेला किनारा कौशल्याच्या वहीत पुन्हा खर्ची पडतो.

यावरून योजनेच्या बाजूने वा विरुद्ध राजकीय निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की किती जणांना कायम करायचे हे प्रमाण सर्व दलांना आणि सर्व शाखांना सारखे असू नये. पायदळाची गरज वेगळी आणि यंत्रकक्षाची वेगळी. जेथे हात तयार व्हायलाच तीन-चार वर्षे लागतात, तेथे तयार हाताला निरोप देणे हा महागडा व्यवहार आहे.

खडकीचे इंजिन

उपाय फार गुंतागुंतीचे नाहीत. प्रत्येक नौसैनिकाचे घरापासून दूर घालवलेले दिवस मोजावेत आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांचा आढावा वरिष्ठांपुढे दर वर्षी जावा. यंत्रशाखेचा माणूस किनाऱ्यावर आला की त्याला यंत्राशीच संबंधित काम मिळावे. पहारा आणि बंदोबस्त यांत त्याची दोन वर्षे गेली तर त्याचे शरीर विसावते, हात मात्र विसरतो. मुलाच्या दहावी-बारावीच्या वर्षी बदली टाळण्याची मुभा कागदावर नव्हे तर व्यवहारात असावी. आणि जो स्वखुशीने समुद्रावर अधिक काळ राहील, त्याला पुढची नेमणूक निवडण्याचा हक्क लेखी मिळावा.

या साऱ्यात पुण्यालाही वाटा आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने सहा मेगावॉटचे मध्यम गतीचे सागरी डिझेल इंजिन विकसित करण्याचे काम पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सकडे सोपवले. २७० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा सत्तर टक्के खर्च केंद्र सरकार उचलणार आहे, आणि नमुना इंजिनात निम्म्याहून अधिक भाग स्वदेशी असावेत अशी अट आहे. आजवर एवढ्या शक्तीची इंजिने बहुतांशी परदेशी उत्पादकांकडून घ्यावी लागत. असे इंजिन कागदावर उत्तम असून भागत नाही. खारी हवा, हेलकावे आणि वर्षानुवर्षांची झीज यांत ते कसे वागते हे रचनाकाराला सांगणारा माणूस लागतो, आणि तो यंत्रकक्षातूनच येतो. समुद्रावर चार वर्षे काढलेला तंत्रज्ञ किनाऱ्यावरील दोन वर्षे खडकीच्या चाचणीमंचाजवळ किंवा लोणावळ्याच्या वर्गात घालवील, तर त्याला घर मिळेल, संस्थेला शिक्षक मिळेल आणि इंजिनाला खरा परीक्षक मिळेल.

नौका किती बांधल्या याची गणती आपण करतो; त्यांचे जलावतरण दूरचित्रवाणीवर पाहतो. त्या नौका दहाव्या आणि विसाव्या वर्षी कशा चालतील हे ठरवणारी गणती मात्र मानखुर्दच्या नोंदवहीत असते. कोण किती वर्षे समुद्रावर आहे आणि किनाऱ्यावर आल्यावर त्याला काय काम दिले, एवढेच तिच्यात पाहायचे असते. इंजिनाच्या देखभालीचे तास आपण काटेकोर पाळतो. ते चालवणाऱ्या माणसाच्या देखभालीचे तासही त्याच काटेकोरपणाने पाळले गेले, तर समुद्र आणि किनारा यांचे भांडण आपोआप मिटेल.